शिकवण्याचं काम तासापुरतं नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकतंच एका गृहस्थांचं पत्र वाचलं. विद्यापीठातले प्राध्यापक दिवसाला दोन-तीन तास शिकवतात, बाकी वेळ मोकळे असतात आणि पगार मात्र भरगच्च घेतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की त्यांची मुलगी पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या विभागात तिला नावानं ओळखणारं एकही माणूस नाही. मला उत्तर द्यायचं आहे ते या शेवटच्या वाक्याला. बाकीच्या पत्रापेक्षा ते फार गंभीर आहे आणि त्यावर आम्ही शिक्षकांनी बोललं पाहिजे.

तासांचा हिशोब आधी उरकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा आणि वर्षाचे अध्यापनाचे दिवस १८०. त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. उरलेल्या वेळात तासांची तयारी, संशोधन, प्रबंधांचं मार्गदर्शन, प्रात्यक्षिकांच्या वह्या, प्रश्नपत्रिका काढणं, उत्तरपत्रिका तपासणं, प्रवेशाचं काम, समित्या. या कामाचा पगार आम्हाला मिळतो आणि तो चांगला मिळतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या कामामुळे एखादी मुलगी विभागात नावानं ओळखली जाते ते काम यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि ते करायला लागणारा वेळ आणि माणसं दोन्ही आटत चालली आहेत.

मी कोल्हापुरात भूगोल शिकवते. आमच्याकडे एम.ए., एम.एस्सी.ला येणारी बरीचशी मुलं घरातली पहिली पदवीधर. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांतून, शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यातून, सांगलीच्या जत, कवठेमहांकाळमधून, साताऱ्याच्या पाटण, माणमधून ती येतात. फी भरायची तारीख आणि ऊसबिल जमा व्हायची तारीख यांचा मेळ क्वचितच बसतो. मग आईच्या दूधबिलातून पहिला हप्ता भरला जातो. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणून ‘मॅडम, दहा दिवस थांबा की’ हे आमच्या विभागात दर पावसाळ्यात ऐकू येणारं वाक्य आहे. कितीतरी मुलं पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळतात, दुपारी वर्गात बसतात आणि रात्री अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं उघडतात. भूगोल स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो म्हणून इकडे प्रवेश घेतलेले पुष्कळ असतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. घरी सगळ्यांचे डोळे त्या एका नोकरीकडे लागलेले असतात.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं आणि लांबच्या गावांतल्या काही मुलींना रोजची ये-जा परवडू लागली. या मुलींचा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. शेवटचा तास संपला की सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, गाठायचं, कारण ती एक गाडी चुकली तर घरी पोहोचेपर्यंत अंधार आणि दुसऱ्या दिवशी ‘बास झालं आता कॉलेज’ असं कुणीतरी म्हणणार. त्यामुळे एखाद्या मुलीला काही विचारायचं असेल, सांगायचं असेल, तर तिच्याजवळ दोन तासांमधली दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांत शिक्षक खुर्चीत असायला हवा, आणि मान वर करून बघणारा हवा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते.

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्यानं कमी होत जातो. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. तरी महापुरात शिरोळ तालुका दिवसेंदिवस पाण्यात असतो. घाटमाथ्यावरचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. एवढं सगळं फळ्यावर आकृती काढून शिकवायला एक तास पुरतो.

माझ्या वर्गात शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा एक मुलगा होता. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणायचा, त्यापलीकडे वर्षभर त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. सेमिनारला उभा राहिला की कागद थरथरायचा. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा क्षेत्र प्रकल्पाला चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यासाठी आम्ही पूररेषा मोजायला शिरोळकडे गेलो. टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, समान उंचीच्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. त्या नकाशावर अख्खं गाव एका सपाटीत दिसतं. प्रत्यक्षात एका गल्लीत पाणी छातीएवढं आलेलं असतं आणि शेजारच्या गल्लीत उंबऱ्याला लागून परत फिरलेलं असतं. हा फरक फुटा-दोन फुटांचा असतो, पण घर सोडायचं की नाही हे त्या फुटावर ठरतं. म्हणून डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) आणि टेप घेऊन भिंतीभिंतीवरच्या खुणा मोजायच्या होत्या.

मी मुलांचे गट पाडून नदीच्या बाजूनं सुरुवात करायला सांगत होते. तो पुढे आला आणि म्हणाला, “मॅडम, नदीकडनं नको. पाणी आधी मागनं येतंय, वड्यातनं.” आणि तो चालायला लागला. ओढ्यावरची मोरी, तिच्याशेजारची खोलगट जागा, मग शाळेमागचं पटांगण, मग कुंभारगल्ली. पाणी कुठल्या क्रमानं चढतं हे त्यानं आम्हाला गल्लीगल्लीतून फिरवून दाखवलं. फुगवटा म्हणजे काय हे मी त्याला आकृतीतून शिकवलं होतं. तो फुगवटा गावात पाऊल कुठून टाकतो हे मी आणि त्याचे वर्गमित्र त्या दिवशी त्याच्याकडून शिकलो.

मग तो आम्हाला स्वतःच्या घरी घेऊन गेला. सोप्यातल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेषा होती. त्याच्या आईनं दिवाळीला भिंतीला चुना दिला होता, पण २०१९ ची रेषा तेवढी सोडून. मी विचारलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. किती वर ठेवायचं ते कळतंय.” त्या रेषेच्या वर हातभर उंचीवर नवी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेशनकार्ड, सातबारा आणि पोराची गुणपत्रकं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो बारावीत होता. त्याची शाळाच पूरग्रस्तांची छावणी झाली होती आणि तो त्याच शाळेच्या वर्गखोलीत आई-वडील, आजी आणि दोन म्हशींच्या काळजीसकट राहिला होता. त्यानं स्वतः भिंतीला स्टाफ टेकवून उभा धरला. वर्गातल्या एका मुलीनं लेव्हलमधून वाचन घेतलं, दुसऱ्यानं वहीत लिहिलं. त्याच्या आई दारात उभ्या राहून बघत होत्या. वर्षभर मान खाली घालून बसणारा हा मुलगा वाचन दोनदा घ्यायला लावत होता, ‘परत बघ, सरकलं असंल’ म्हणून.

त्यानंतर तो माझ्या खोलीत यायला लागला. कधी शंका घेऊन, कधी नुसताच. पुढच्या वर्षी त्यानं लघुप्रबंधाला हाच विषय घेतला, गावात पाणी कुठल्या गल्लीत किती फुटांना शिरतं त्याचा. राजाराम बंधाऱ्याच्या पातळीशी त्याची सांगड घालता येते का यावर आमचे वाद झाले. त्याचं म्हणणं होतं की काठावरच्या माणसांना कोल्हापूरच्या पातळीपेक्षा कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते जास्त सांगून जातं. ते त्यानं आकडे मांडून दाखवलं. त्याचा नकाशा आज त्यांच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर लावलेला आहे. पोराला नोकरी अजून लागलेली नाही, परीक्षा देतोय. पण जुलै-ऑगस्टमध्ये मला त्याचा मेसेज येतो, गावातल्या ओढ्याला पाणी कुठे टेकलं त्याचा.

ते पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मला विचारावंसं वाटतं की यातला तास कुठला? क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक चार, भेटीचा दिवस एक, पण त्या मुलाला माझ्या खोलीचं दार ढकलून आत यावंसं वाटलं ते त्यानंतर. आणि तो आत आला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती, मला वेळ होता, म्हणून पुढचं सगळं झालं.

दुसरा अनुभव मुलींच्या घरच्यांचा. एम.ए. भाग दोनला आल्या की शनिवारी मुली गैरहजर राहायला लागतात. कारण विचारलं तर मैत्रिणी सांगतात, ‘तिला बघायला येणार आहेत.’ एकदा कागल भागातले एक शेतकरी मुलीला घेऊन सरळ विभागात आले. टोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, “स्थळ चांगलं आलंय मॅडम. पोरगी म्हणती सेट देणार. पुढं शिकवायचं का थांबवायचं, तुम्हीच सांगा.” मुलगी खिडकीबाहेर बघत होती. अशा वेळी भाषण देऊन काही होत नाही, तो बाप पोरीचा वैरी नसतो. त्याला शेजारपाजारचं ऐकून घ्यायचं असतं, धाकटी मागे उभी असते, आणि स्थळ गेलं तर परत येईल का ही भीती खरी असते. आम्ही बराच वेळ बोललो. सेट म्हणजे काय (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा), ती पास झाली तर पुढे काय, परीक्षा कधी, निकालाला किती वेळ लागतो, हे त्यांनी एकेक विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, “परीक्षेपर्यंत थांबतो. त्यांना सांगतो तसं.” मुलगी पास झाली, लग्नही झालं, आज ती शिकवते. पण सगळ्याच गोष्टी अशा होत नाहीत. जिच्या वडिलांना विभागात कुणाकडे यावं हेच माहीत नसतं तिचं नाव पुढच्या सत्राच्या यादीत नसतं, आणि ती का नाही हे विचारणारंही कुणी नसतं.

संशोधक विद्यार्थ्यांचं नातं याहून अवघड. मार्गदर्शक आणि संशोधक यांच्यात दोन माणसांची बरोबरी नसते, हे आधीच मान्य केलं पाहिजे. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल मार्गदर्शकाच्या सहीशिवाय पुढे जात नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीचे कागद त्या सहीवर अडतात. त्या पैशांवर घर चालणारी मुलं आहेत. सहीसाठी तिष्ठत ठेवणं, स्वतःच्या घरची कामं सांगणं, मुलांनी लिहिलेल्या लेखावर आधी स्वतःचं नाव घालणं, हे प्रकार आपल्या क्षेत्रात चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल आपण उघड बोलत नाही. मी माझ्या खोलीत एक नियम पाळते. सहीचा कागद आला की त्याच दिवशी सही, आणि वाद असेल तर तो प्रबंधाच्या पानांवर, सहीच्या कागदावर नाही. मला माझ्या गुरूंनी असंच वागवलं. ते प्रकरणाच्या समासात बारीक पेन्सिलीनं लिहायचे, म्हणजे खोडून टाकायची मुभा माझ्याकडे राहायची. आज मीही पेन्सिलच वापरते.

माझ्याकडे गडहिंग्लज भागातली एक मुलगी पीएच.डी. करत होती. विषय शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीचा. उसाला पाटानं वर्षानुवर्षं पाणी, निचरा नाही, मग भूजल वर येतं आणि क्षार जमिनीवर पांढरे दिसायला लागतात. एकेकाळी एकरी भरघोस ऊस देणारी रानं ओस पडतात. नमुने गोळा करायला ती उन्हाळ्यात जायची. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली, तारीख. मग प्रयोगशाळेत मातीचा सामू (पीएच) आणि क्षार किती ते सांगणारी विद्युत वाहकता. हे करताना ती दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि पदरात लहान मूल होतं. आयोगाच्या २०१६ च्या आणि पुढे २०२२ च्याही नियमांत पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हा नियम करणाऱ्यांना मी मनापासून धन्यवाद देते. त्या दोन वर्षांशिवाय तिचा प्रबंध पुरा झाला नसता.

तिच्या मौखिक परीक्षेला सासू-सासरे आले होते, मागच्या रांगेत बसले होते. बाहेरच्या परीक्षकांनी तिला विचारलं की निचरा नळ्या टाकायचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलतो का. ती म्हणाली, एकट्याला नाही पेलत, आणि एकट्यानं टाकून उपयोगही नसतो, कारण पाणी पुढच्याच्या रानात काढायचं तर तो तयार हवा. अख्खा पट्टा एकत्र आला तरच जमतं. मग तिनं नकाशावर तिच्या अभ्यासातली ती गावं दाखवली जिथे शेतकरी एकत्र आले आणि जिथे बांधाच्या भांडणात अडलं. सभागृहात बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी मान डोलावली, त्यांना तो प्रश्न पुरता कळला होता. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो माझ्या कुठल्याच शोधनिबंधाच्या छापून येण्यानं झालेला नाही.

ही मुलगी आज डॉक्टर आहे, सेट उत्तीर्ण आहे आणि अजूनही तासिका तत्त्वावरच आहे. वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार काय ते माहीत नसेल म्हणून सांगते. जेवढे तास घेतले तेवढ्याचं मानधन. तास बुडाला, सुट्टी आली, परीक्षा सुरू झाल्या की पैसे नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी ऑर्डर. तीही ऑर्डर वेळेवर निघेलच असं नाही. सकाळी एका गावच्या महाविद्यालयात दोन तास घ्यायचे, डबा गाडीतच खायचा आणि दुपारी दुसऱ्या गावी पोहोचायचं. ती शिकवते उत्तम. तिचे विद्यार्थी मला पदव्युत्तर वर्गात भेटतात तेव्हा त्यांचा पाया पक्का असतो. पण तासानंतर थांबायला तिच्याजवळ वेळ नसतो आणि पुढच्या वर्षी आपण याच वर्गावर असू की नाही हे तिला माहीत नसतं. मुलांनाही ते माहीत असतं. मुलं फार लवकर ओळखतात की कोण उद्या इथे असणार आणि कोण नाही, आणि मन मोकळं करायचं ते टिकणाऱ्या माणसाजवळ.

राज्यात विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पदं रिक्त आहेत हे आपल्या पानांवरही छापून येतं. चर्चा होते ती निकालाची, मानांकनाची, पगाराच्या बोजाची. मला त्यातलं वेगळं नुकसान दिसतं. एक प्राध्यापक निवृत्त होतो आणि ती जागा भरली जात नाही, तेव्हा त्याचे तास वाटून घेतले जातात, तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, वेळापत्रक भरतं. पण त्याच्या खोलीत दुपारी येऊन बसणारी मुलं कुणाकडे जातात? आमच्याकडचे एक सर निवृत्त झाले, त्यांच्याकडे वसतिगृहातल्या मुलांची रीघ असायची. कुणाचा वडिलांशी अबोला, कुणाचं प्रेमप्रकरण, कुणाचे खानावळीचे पैसे थकलेले. सर फारसं बोलत नसत, ऐकून घेत. ते गेल्यावर त्या मुलांची ती सोय मोडली आणि तिची नोंद कुठल्या अहवालात आली नाही, कारण तशी सोय आहे हेच कागदावर नव्हतं.

नाही म्हणायला कागदावर आता एक व्यवस्था आहे. मेंटॉर-मेंटी योजना. प्रत्येक शिक्षकाला विद्यार्थ्यांची यादी मिळते, नोंदवही ठेवायची, भेटीची तारीख, अडचण, दिलेला सल्ला, विद्यार्थ्याची सही. कल्पना चांगली आहे आणि मी ती मनापासून राबवते. पण मुलगी पहिल्यांदा खोलीत येते तेव्हा तिच्यासमोर वही उघडून ‘अडचण’ या रकान्यावर पेन टेकवलं की ती म्हणते, ‘काही नाही मॅडम, सगळं ठीक आहे.’ जिचं सगळं ठीक नाही तीही तेच म्हणते. वही मिटलेली हवी, दार लोटलेलं हवं आणि चहा सांगितलेला हवा. नोंद नंतर, आणि ती नेमकी काय करायची हे तिला विचारून. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी एवढंच सांगते की भेटीत पुराव्यासाठी जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढू नका. उपक्रमाचा काढा, झाडं लावल्याचा काढा, रडून मोकळ्या झालेल्या मुलीचा काढू नका.

कागदाचं काम मला कमी लेखायचं नाही. विद्यापीठ सार्वजनिक पैशांवर चालतं, हिशोब दिला पाहिजे. पण एकच माहिती वार्षिक अहवालाला एका नमुन्यात, मानांकनाला दुसऱ्या, पोर्टलवर तिसऱ्या आणि स्वतःच्या पदोन्नतीच्या फायलीला चौथ्या नमुन्यात भरायची, यात सत्राचे उत्तम आठवडे जातात. २०१० साली आयोगानं पदोन्नतीसाठी गुणांकाची पद्धत आणली तेव्हापासून तरुण शिक्षकाच्या मनात सतत एक बेरीज चालू असते. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण. २०१८ मध्ये ती पद्धत बरीच सुटसुटीत झाली, पण बेरजेची सवय गेली नाही. जो शिक्षक दुपारी एका मुलाच्या लघुप्रबंधाचं प्रकरण चौथ्यांदा वाचत बसतो तो त्या वेळात स्वतःचा निबंध लिहीत नाही, आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत त्याला चौथ्या वाचनाबद्दल कुणी विचारत नाही. तरीही असे शिक्षक आहेत. माझ्या विभागात आहेत, शेजारच्या विभागांत आहेत, तालुक्याच्या महाविद्यालयांत तर पुष्कळ आहेत. त्यांची नावं पुरस्काराच्या यादीत नसतात. त्यांना भेटायला जुने विद्यार्थी स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन एसटीनं येतात.

त्या गृहस्थांना एक विनंती. आपल्या मुलीला सांगा की तास संपल्यावर सरळ एखाद्या शिक्षकाच्या खोलीत जा. अभ्यासातली खरी शंका घेऊन जा, म्हणजे बोलणं सुरू होतं. पहिल्या दारात नाही जमलं तर दुसऱ्या दारात जा. आणि आपणही एकदा विभागात या. पालक फक्त शाळेत जातात, विद्यापीठात जायचं नसतं, असा एक समज आहे, तो सोडा. कागलचे ते शेतकरी आले नसते तर ती मुलगी आज शिकवत नसती.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक सूचना. मे-जूनमध्ये आपल्या शिक्षणाच्या पानावर प्रवेशाची माहिती येते. अभ्यासक्रम, जागा, फी, पात्रता, शेवटची तारीख. यंदा त्यात प्रत्येक विभागापुढे आणखी तीन आकडे छापावेत. मंजूर पदं किती, त्यातली पूर्णवेळ भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात. माहिती सार्वजनिक आहे, मागितली तर मिळते. प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना ती अर्ज भरण्याआधी कळली पाहिजे. आमच्या विभागाचे आकडे मागवायला आपला प्रतिनिधी आला तर मी स्वतः कार्यालयात घेऊन जाईन.

आपली,
भूगोलाची एक प्राध्यापिका
कोल्हापूर